द रेक ऑफ दि एडमंड फिट्झजेराल्ड

‘द रेक ऑफ दि एडमंड फिट्झजेराल्ड’ (अर्थ : एडमंड फिट्झजेराल्डची जलसमाधी) हे कॅनडाचे गीतकार-गायक गॉर्डन लाइटफूट यांनी लिहिलेले, स्वरबद्ध केलेले आणि गायलेले इंग्रजी कथागीत आहे. १० नोव्हेंबर १९७५ रोजी उत्तर अमेरिकेतील सुपिरियर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे अमेरिकी मालवाहू जहाज वादळात बुडाले आणि त्यावरील सर्व २९ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेचे कथन करणारे हे गीत १९७६ साली ‘समरटाइम ड्रीम’ या अल्बममध्ये प्रसिद्ध झाले. फोक-रॉक, म्हणजे लोकसंगीत आणि रॉक यांच्या मिलाफातून घडलेल्या संगीतप्रकारातील हे एक अभिजात गीत मानले जाते. सुमारे साडेसहा मिनिटांचे आणि ध्रुवपद नसलेले हे गीत कॅनडातील लोकप्रियता-यादीत पहिल्या, तर अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट १००’ या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांतील बातम्यांच्या आधारे लिहिलेले हे गीत पुढे त्या दुर्घटनेची सर्वांत परिचित नोंद ठरले. अनेकांना जहाजाचे नाव केवळ या गीतामुळे ठाऊक आहे. त्यामुळे गीतातील तपशील बरोबर की चूक, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहिला नाही. मृत खलाशांच्या कुटुंबीयांसाठी तो प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. दुर्घटनेच्या कारणांविषयी नवे मत पुढे आल्यावर लाइटफूट यांनी सुमारे साडेतीन दशकांनंतर आपल्या गायनातील शब्द बदलले.

कथागीतांची परंपरा

घडलेल्या घटनेचे क्रमवार कथन करणारे गीत इंग्रजी, स्कॉटिश आणि आयरिश लोकसंगीतात ‘बॅलड’ या नावाने ओळखले जाते. लढाया, खून, दुष्काळ आणि जहाजांचे बुडणे हे अशा गीतांचे नेहमीचे विषय होत. वृत्तपत्रे सर्वांच्या हाती येण्यापूर्वी बातमी पसरवण्याचे आणि ती स्मरणात ठेवण्याचे कामही ही गीते करीत असत. प्रत्यक्ष घटनेचे गेय कथन या दृष्टीने त्यांचे मराठीतील पोवाड्याशी काही अंशी साम्य आहे. मात्र बॅलडमध्ये वीररसापेक्षा शोक आणि तटस्थ निवेदन यांना अधिक स्थान असते.

१९६० च्या दशकात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील तरुण गायकांनी ही परंपरा नव्याने हाती घेतली. बॉब डिलन यांनी ‘द लोनसम डेथ ऑफ हॅटी कॅरोल’ हे गीत १९६३ मधील एका प्रत्यक्ष मृत्यूच्या बातमीवरून लिहिले. मे १९७० मध्ये ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात ४ विद्यार्थी ठार झाल्यानंतर नील यंग यांनी ‘ओहायो’ हे गीत रचले. इंग्लंडमधील ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या समूहाने ‘लीज अँड लीफ’ या १९६९ च्या अल्बममध्ये जुनी कथागीते विजेच्या गिटार आणि ड्रम यांच्या साथीने सादर केली. ताज्या बातमीतून गीत घडवणे आणि जुन्या लोकधुनीला नवी वाद्ये जोडणे या दोन्ही प्रवृत्ती लाइटफूट यांच्या प्रस्तुत गीतात एकत्र आलेल्या दिसतात.

गीतकार

गॉर्डन लाइटफूट यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील ऑरिलिया या सरोवरकाठच्या गावी झाला. त्यांना शिडाच्या नौकांचा छंद होता आणि मोठ्या सरोवरांतील वारा व लाटा यांचा अनुभव होता. ‘अर्ली मॉर्निंग रेन’, ‘इफ यू कुड रीड माय माइंड’ आणि ‘सनडाउन’ या गीतांमुळे १९७५ पूर्वीच त्यांचे नाव सर्वदूर झाले होते.

इतिहास आणि चालू घडामोडी हे विषयही त्यांना नवे नव्हते. कॅनडाच्या लोहमार्गाच्या उभारणीवरील ‘कॅनेडियन रेलरोड ट्रिलॉजी’ हे दीर्घ गीत त्यांनी १९६७ मध्ये, तर डेट्रॉइट शहरातील दंगलीवरील ‘ब्लॅक डे इन जुलै’ हे गीत १९६८ मध्ये सादर केले. नोव्हेंबर १९६५ मध्ये ‘यारमाउथ कॅसल’ या प्रवासी जहाजाला लागलेल्या आगीत ९० जणांचा बळी गेला होता. त्या घटनेवरही त्यांनी एक कथागीत रचले होते. म्हणजेच ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे त्यांच्या गीतांत आलेले पहिले दुर्दैवी जहाज नव्हे.

जहाज

सुपिरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारियो ही पाच सरोवरे ‘ग्रेट लेक्स’ या नावाने ओळखली जातात. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ही सरोवरे एकमेकांशी जलमार्गांनी जोडलेली आहेत. सुपिरियर सरोवराच्या परिसरातील खाणींतून निघणारे लोहखनिज याच मार्गाने दक्षिणेकडील पोलाद कारखान्यांपर्यंत नेले जाते.

‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे जहाज या वाहतुकीसाठी मिशिगन राज्यातील रिव्हर रूज येथे बांधण्यात आले आणि जून १९५८ मध्ये त्याचे जलावतरण झाले. ७२९ फूट (सुमारे २२२ मीटर) लांबीचे हे जहाज त्या वेळी ग्रेट लेक्सवरील सर्वांत मोठे जहाज होते. मिलवॉकी येथील ‘नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल’ या आयुर्विमा कंपनीकडे त्याची मालकी होती आणि त्या कंपनीच्या प्रमुखांचेच नाव जहाजाला देण्यात आले होते. एका हंगामात सर्वाधिक खनिज वाहून नेण्याचे विक्रम त्याने अनेकदा केले. बुडालेल्या जहाजांपैकी ग्रेट लेक्समधील सर्वांत मोठे जहाज अशी नोंदही आज त्याच्याच नावावर आहे.

१० नोव्हेंबर १९७५ ची दुर्घटना

नोव्हेंबर महिन्यात कॅनडाकडून येणारी थंड हवा आणि दक्षिणेकडून येणारी उष्ण हवा ग्रेट लेक्सच्या परिसरात एकत्र येते आणि तीव्र वादळे निर्माण होतात. नोव्हेंबर १९१३ च्या वादळात या सरोवरांवर २५० हून अधिक माणसे दगावली होती. १९५८ मध्ये मिशिगन सरोवरात ‘कार्ल डी. ब्रॅडली’ हे जहाज बुडून ३३ जण, तर १९६६ मध्ये ह्युरॉन सरोवरात ‘डॅनियल जे. मॉरेल’ हे जहाज बुडून २८ जण मृत्यू पावले. या दोन्ही घटनाही नोव्हेंबरमधील होत.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी दुपारी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ विस्कॉन्सिन राज्यातील सुपिरियर या बंदरातून निघाले. त्यात टॅकोनाइट या लोहखनिजाच्या सुमारे २६,००० टन गोळ्या भरलेल्या होत्या आणि हा माल डेट्रॉइटजवळील झुग आयलंड येथे पोहोचवायचा होता. अनुभवी कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली जहाजाचे नेतृत्व करीत होते. ‘आर्थर एम. अँडरसन’ हे दुसरे मालवाहू जहाज काही अंतरावरून त्याच दिशेने येत होते. वादळाचा इशारा मिळाल्यावर दोन्ही कप्तानांनी कॅनडाच्या किनाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून उत्तरेकडचा मार्ग धरला.

१० नोव्हेंबरच्या दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅकसॉर्ली यांनी ‘अँडरसन’ला बिनतारी संदेश दिला. कठड्याचा काही भाग तुटला होता, हवेची दोन झरोके-नळकांडी निकामी झाली होती आणि जहाज एका बाजूला कलू लागले होते. पाणी उपसण्यासाठी पंप सुरू होते. पुढे जहाजाचे रडारही बंद पडले. व्हाइटफिश पॉइंट येथील दीपगृह आणि तेथील दिशादर्शक बिनतारी यंत्रणाही त्या वेळी बंद पडली होती. त्यामुळे मागून येणारे ‘अँडरसन’ आपल्या रडारच्या साहाय्याने ‘फिट्झजेराल्ड’ला दिशा सांगत होते.

सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ‘अँडरसन’ने विचारपूस केली तेव्हा, आम्ही तग धरून आहोत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. तो शेवटचा संदेश ठरला. काही मिनिटांतच जहाज रडारवरून नाहीसे झाले. मदतीची हाक देण्याइतकाही अवधी मिळाला नाही. व्हाइटफिश उपसागराचा आश्रय त्या वेळी अवघ्या १७ मैलांवर (सुमारे २७ किलोमीटर) होता.

उपसागरात सुखरूप पोहोचलेले ‘अँडरसन’ आणि ‘विल्यम क्ले फोर्ड’ हे दुसरे जहाज तटरक्षक दलाच्या विनंतीवरून शोधासाठी पुन्हा वादळात उतरले. जीवरक्षक नौका, तराफे आणि इतर अवशेष सापडले. मात्र एकही व्यक्ती सापडली नाही. १४ नोव्हेंबर रोजी नौदलाच्या विमानाने चुंबकीय उपकरणाच्या साहाय्याने जहाजाची जागा शोधली. मे १९७६ मध्ये पाण्याखालील दूरनियंत्रित यंत्राने घेतलेल्या छायाचित्रांवरून ते ‘फिट्झजेराल्ड’च असल्याचे निश्चित झाले. सुमारे ५३० फूट (१६० मीटर) खोलीवर, कॅनडाच्या हद्दीत, जहाज दोन तुकड्यांच्या अवस्थेत पडलेले आहे.

गीताची प्रेरणा

दुर्घटनेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी, २४ नोव्हेंबर १९७५ च्या अंकात, ‘न्यूजवीक’ या अमेरिकी साप्ताहिकाने तिच्यावर एक लेख छापला. सुपिरियर सरोवर आपल्या पोटात गेलेली माणसे परत देत नाही, या चिपेवा (ओजिब्वे) लोकांमधील समजुतीचा त्या लेखात उल्लेख होता. हा लेख लाइटफूट यांच्या वाचनात आला आणि गीताचा आरंभ व शेवट त्यांना तेथेच सापडला. साप्ताहिकात जहाजाच्या नावातील ‘एडमंड’ या शब्दाचे वर्णलेखन चुकले होते. ज्या जहाजाबरोबर २९ माणसे गेली त्याचे नावही नीट छापले जाऊ नये, ही गोष्ट त्यांना खटकली. मृतांचे स्मरण अधिक काळजीपूर्वक व्हावे, ही भावना गीतामागे होती, असे त्यांनी पुढे सांगितले.

लाइटफूट यांनी दुर्घटनेच्या काळातील जुनी वृत्तपत्रे मिळवली आणि त्यांतील घटना कालक्रमाने लावून घेतल्या. गीताची चाल त्यांच्या मनात आधीपासून होती. वयाच्या साधारण साडेतीन वर्षांच्या सुमारास ऐकलेल्या एका जुन्या आयरिश शोकगीतावरून ती सुचली, असे त्यांनी नमूद केले आहे.

लेखन चालू असताना त्यांना तपशिलांच्या अचूकतेची चिंता वाटत होती. चौकशी अद्याप पूर्ण झाली नव्हती आणि जहाजावरचे शेवटचे क्षण सांगण्यासाठी कोणीही वाचलेले नव्हते. अशा वेळी अल्बमचे सहनिर्माते लेनी वॉरोंकर यांनी त्यांना, आपले बलस्थान ओळखून फक्त गोष्ट सांगावी, असा सल्ला दिला. हा सल्ला गीताला उपकारक ठरला. पुढे निर्माण झालेल्या काही प्रश्नांचे मूळही त्यातच होते.

रचना आणि आशय

गीताला ध्रुवपद नाही. एकाच चालीची कडवी एकामागून एक येतात आणि त्यांच्या अधूनमधून केवळ वाद्यांचे तुकडे वाजतात. चालीत चढउतार थोडे असल्याने श्रोत्याचे लक्ष कथेवर राहते आणि सतत येणाऱ्या लाटांचा आभासही निर्माण होतो. ध्वनीची मूळ बैठक अकूस्टिक गिटारची असून विजेची गिटार, स्टील गिटार, बेस आणि ड्रम यांची तिला जोड आहे.

कथनाचे स्थूलमानाने पाच भाग पडतात. आरंभी सरोवराविषयीची मूळ रहिवाशांची समजूत येते. ओजिब्वे भाषेत सुपिरियर सरोवराला ‘महासागर’ अशा अर्थाचे नाव असून, त्याचे ‘गिची गुमी’ हे रूप लाँगफेलो यांच्या ‘द साँग ऑफ हायावाथा’ या १८५५ च्या काव्यामुळे इंग्रजी वाचकांना परिचित झाले होते. लाइटफूट यांनीही तेच नाव योजले आहे. दुसऱ्या भागात जहाज, त्यातील माल आणि अनुभवी कप्तान यांची ओळख होते. तिसऱ्या भागात वादळ वाढत जाते आणि जहाजावरचा आचारी खलाशांशी बोलताना दिसतो. चौथ्या भागात जहाज दिसेनासे होते. नेमके काय घडले याविषयी तर्क मांडले जातात आणि मागे उरलेल्या पत्नी व मुलांचा उल्लेख येतो. अखेरच्या भागात पाचही सरोवरांची नावे एकेका स्वभाववैशिष्ट्यासह येतात, डेट्रॉइटमधील चर्चची घंटा वाजते आणि आरंभीची समजूत पुन्हा उच्चारली जाऊन गीत संपते.

या लोकसमजुतीला निसर्गातील एका वस्तुस्थितीचा आधार आहे. एरवी पाण्यात बुडालेल्या शरीरात जिवाणूंच्या क्रियेमुळे वायू निर्माण होऊन ते काही दिवसांनी वर येते. सुपिरियर सरोवराचे खोल पाणी वर्षभर इतके थंड असते की, ही क्रिया जवळजवळ होतच नाही. ‘फिट्झजेराल्ड’वरील २९ जणांपैकी एकाचाही मृतदेह बाहेर काढता आला नाही.

ध्वनिमुद्रण आणि प्रतिसाद

गीताचे ध्वनिमुद्रण दुर्घटनेनंतर काही महिन्यांतच टोरांटो येथील ईस्टर्न साउंड या स्टुडिओत झाले. टेरी क्लेमेंट्स (गिटार), पी वी चार्ल्स (स्टील गिटार), रिक हेन्स (बेस) आणि बॅरी कीन (ड्रम) या वादकांनी साथ केली. अल्बममध्ये घेतलेले ध्वनिमुद्रण हे वादकांनी एकत्र केलेले पहिलेच सादरीकरण होते, असे कीन यांनी सांगितले आहे.

‘समरटाइम ड्रीम’ हा अल्बम जून १९७६ मध्ये रिप्राइज रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला आणि ऑगस्टमध्ये हे गीत स्वतंत्र तबकडीच्या रूपाने आले. आकाशवाणी केंद्रांवर तीन-चार मिनिटांच्या गीतांची चलती असताना, नृत्यायोग्य ताल आणि ध्रुवपद या दोहोंविना असलेले एवढे दीर्घ शोकगीत लोकप्रिय व्हावे, ही असाधारण गोष्ट होती. नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे दुर्घटनेला वर्ष पूर्ण होत असताना, ते लोकप्रियतेच्या शिखरावर होते. सर्वोत्कृष्ट गीताच्या ग्रॅमी पुरस्कारासाठीही त्याला नामांकन मिळाले. स्वतः लाइटफूट याला आपली सर्वोत्तम निर्मिती मानत.

वस्तुस्थिती आणि कल्पना

गीतातील बहुतेक चौकट खरी आहे : महिना, वादळ, मालाचे वजन, पाणी शिरत असल्याचा कप्तानाचा संदेश, व्हाइटफिश उपसागराचे थोडे उरलेले अंतर आणि घंटेचे २९ ठोके. काही तपशिलांत मात्र फरक आहे.

गीतात जहाज क्लीव्हलँडकडे निघालेले आहे. प्रत्यक्षात ते डेट्रॉइटजवळील झुग आयलंडकडे जात होते. गीतात ते विस्कॉन्सिनमधील एका गिरणीतून निघाल्याचे सूचित होते. वस्तुतः सुपिरियर हे खनिज भरण्याचे बंदर होते. डेट्रॉइटमधील मरिनर्स चर्चला गीतात निराळे, अधिक भारदस्त नाव दिले आहे. आचाऱ्याचे उद्गार पूर्णतः काल्पनिक आहेत, कारण ते ऐकणारे कोणीही परत आले नाही. तथापि अशा काल्पनिक संवादाला बॅलडच्या परंपरेत मान्यता आहे. संपूर्ण दुर्घटनेत माणसाचा आवाज ऐकू येतो तो याच ठिकाणी.

त्या चर्चच्या वास्तूचे वर्णन लाइटफूट यांनी जुनाट व कोंदट अशा अर्थाच्या विशेषणाने केले होते. आमचे चर्च तसे नाही, असे तेथील एका सदस्याने त्यांच्या निदर्शनास आणून दिल्यावर, जाहीर कार्यक्रमांत ते त्याऐवजी साधेपणा सूचित करणारा दुसरा शब्द गाऊ लागले.

कारणांचा वाद आणि शब्दांतील बदल

जहाज नेमके कशामुळे बुडाले, यावर आजही एकमत नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या १९७७ च्या अहवालानुसार, मालकोठ्यांवरील झाकणे पुरेशी घट्ट न बसल्याने आत हळूहळू पाणी शिरले, ही सर्वाधिक संभाव्य शक्यता होती. जहाजावर अशी २१ झाकणे होती आणि ती आवळून बसवणे हे डेकवरील खलाशांचे काम होते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७८ मध्ये लाटांच्या माऱ्याने झाकणे कोसळली असावीत, असा निष्कर्ष काढला. त्या मंडळाच्या एका सदस्याने मात्र भिन्नमत नोंदवले. ग्रेट लेक्सवरील जहाजमालकांच्या संघटनेने झाकणांचा सिद्धांत नाकारला. कॅरिबू बेटाजवळील उथळ भागात जहाजाचा तळ घासला गेला असावा, असे तिचे म्हणणे होते. पाठोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी जहाज मोडले असावे, असेही एक मत आहे. ‘अँडरसन’च्या कप्तानाने अशा दोन मोठ्या लाटा आपल्या जहाजावरून पुढे ‘फिट्झजेराल्ड’च्या दिशेने गेल्याचे सांगितले होते.

गीताच्या मूळ पाठात सायंकाळी एक झाकण निखळल्याचा उल्लेख आहे. लिहिताना तो कथेतील एक टप्पा होता. परंतु गीत घरोघरी पोहोचल्यावर त्याचा अर्थ बदलला. झाकण निखळले असेल तर ते नीट आवळले गेले नव्हते, आणि नीट आवळले गेले नसेल तर दोष ते काम करणाऱ्यांचा, असा तर्क त्या ओळीतून निघू शकत होता. ज्यांच्याकडे ते काम होते, ते उत्तर देण्यासाठी हयात नव्हते. त्यांच्या घरच्या माणसांना मात्र ती ओळ वर्षानुवर्षे ऐकावी लागली.

२०१० मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटाने प्रचंड लाटांच्या शक्यतेला बळ देणारी मांडणी केली आणि झाकणांबाबत खलाशांचा हलगर्जीपणा झाला नसावा, असे मत पुढे आले. त्यानंतर लाइटफूट यांनी जाहीर कार्यक्रमांत ती ओळ गाणे सोडून दिले आणि त्या जागी केवळ अंधार पडत गेल्याचा उल्लेख करू लागले. या बदलामुळे झाकणांची जबाबदारी असलेल्या खलाशांच्या कुटुंबीयांना समाधान वाटल्याचे त्यांनी सांगितले. मूळ ध्वनिमुद्रण आणि नोंदणीकृत पाठ मात्र त्यांनी तसाच ठेवला. त्यामुळे आज गीताचे दोन पाठ उपलब्ध आहेत : एक १९७५ च्या बातम्यांवर आधारलेला आणि दुसरा २०१० नंतरच्या गायनातील.

चालीचा पुढील प्रवास

आयरिश शोकगीतातून प्रेरणा घेतलेली ही चाल पुढे पुन्हा आयर्लंडला पोहोचली. उत्तर आयर्लंडमधील तुरुंगात असताना आयरिश प्रजासत्ताकवादी बॉबी सँड्स यांनी १८०३ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केल्या गेलेल्या आयरिश कैद्यांवर एक गीत रचले, ते याच चालीवर. १९८१ मध्ये उपोषणात सँड्स यांचा मृत्यू झाला. त्यांचे हे गीत ‘बॅक होम इन डेरी’ या नावाने गायक क्रिस्टी मूर यांनी लोकप्रिय केले. एका शोकगीतातून दुसरे निर्माण होण्याची लोकसंगीतातील जुनी प्रथा येथे स्पष्ट दिसते.

स्मृती आणि परिणाम

दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबर १९७५ रोजी सकाळी, डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चमध्ये धर्मगुरू रिचर्ड इंगॉल्स यांनी प्रत्येक मृतासाठी एक याप्रमाणे २९ वेळा घंटा वाजवली. गीताच्या शेवटी येणारा प्रसंग हाच होय. त्यानंतर तेथे दरवर्षी स्मरणसभा होऊ लागली. २००६ पासून तिची व्याप्ती वाढवून ग्रेट लेक्समध्ये प्राण गमावलेल्या सर्वांचे स्मरण करण्यात येते. मिनेसोटा राज्यातील स्प्लिट रॉक दीपगृहातही दरवर्षी १० नोव्हेंबरला दिवा लावला जातो.

कुटुंबीयांच्या इच्छेनुसार ४ जुलै १९९५ रोजी बुडालेल्या जहाजावरील घंटा वर काढण्यात आली. ती व्हाइटफिश पॉइंट येथील ग्रेट लेक्स शिपरेक संग्रहालयात ठेवलेली आहे. तिच्या जागी २९ जणांची नावे कोरलेली दुसरी घंटा जहाजावर बसवण्यात आली. या जहाजाच्या अवशेषांना कुटुंबीय समाधिस्थान मानतात आणि ऑन्टारियो प्रांताच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय तेथे जाण्यास मनाई आहे.

दुर्घटनेनंतर ग्रेट लेक्सवरील जहाजांसाठी सुरक्षेचे नियम कडक झाले. थंड पाण्यात शरीराची ऊब टिकवणारे पोशाख, खोली मोजणारी उपकरणे, स्थाननिश्चितीच्या यंत्रणा आणि हिवाळी हंगामापूर्वीची तपासणी यांवर भर देण्यात आला. त्यानंतर आजवर ग्रेट लेक्समध्ये एकही मोठे मालवाहू जहाज बुडालेले नाही. याचे श्रेय मुख्यतः नियम, हवामानाचे सुधारलेले अंदाज आणि तंत्रज्ञान यांना जाते. दुर्घटना लोकांच्या विस्मरणात जाऊ न देण्याचे काम मात्र गीताने केले. ‘ब्रॅडली’ आणि ‘मॉरेल’ या जहाजांवरही जवळजवळ तितकीच माणसे दगावली होती. त्या सरोवरांच्या परिसराबाहेर आज त्यांची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत.

लाइटफूट अखेरपर्यंत मृतांच्या कुटुंबीयांच्या संपर्कात राहिले. १ मे २०२३ रोजी टोरांटो येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मरिनर्स चर्चची घंटा ३० वेळा वाजवण्यात आली : २९ ठोके ‘एडमंड फिट्झजेराल्ड’वरील माणसांसाठी आणि एक लाइटफूट यांच्यासाठी.